मदत हवी आहे: एफआर-४ वरचा पॅच अँटेना आणि फिल्टर, दोन्ही ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खाली

नमस्कार मंडळी,

नागपूरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. अंतिम वर्षाच्या मुलांनी काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेसाठी मातीतला ओलावा मोजणारे वायरलेस नोड करायला घेतले आहेत. तयार मॉड्यूल आणि तयार अँटेना वापरून हे काम झालंही असतं. पण मुलांनीच हट्ट धरला की अँटेना आणि रिसीव्हरच्या तोंडचा फिल्टर आपणच बोर्डावर कोरायचा. मला त्याचा फार आनंद आहे, म्हणूनच हा धागा.

बोर्ड साधा दोन बाजूंनी तांबं असलेला एफआर-४ (काच-इपॉक्सीचं नेहमीचं सर्किट बोर्ड), जाडी १.६ मिमी. डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट (हा जितका जास्त तितकी त्याच मापाच्या तांब्याची फ्रिक्वेन्सी खाली) ४.४ आणि लॉस टँजंट (मटेरियल किती सिग्नल खातं त्याचं माप) ०.०२ धरला. २.४५ गिगाहर्ट्झसाठी नेहमीच्या सूत्रांनी पॅचची (अँटेना म्हणून काम करणाऱ्या तांब्याच्या आयताची) रुंदी ३७.२ मिमी आली, इफेक्टिव्ह डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४.०८, आणि दोन्ही कडांचं फ्रिंजिंग (कडेबाहेर पसरणारं विद्युतक्षेत्र, त्याने पॅच थोडा लांब भासतो) वजा करून लांबी २८.८ मिमी. इनसेट फीड (पॅचमध्ये खाच पाडून आत नेलेली जोडणी), ५० ओहमची लाइन ३ मिमीची, ग्राउंड प्लेन पॅचच्या चारही बाजूंना दहा-दहा मिमी जास्त. ओपनईएमएस या प्रोग्राममध्ये सिम्युलेशन केलं तर खड्डा (परत फिरणारा सिग्नल सर्वात कमी असतो ती फ्रिक्वेन्सी) बरोबर २.४५ वर.

बोर्ड बाहेरून करून आणले. प्रत्यक्षात खड्डा २.३९ वर. सगळे नमुने एकमेकांशी जुळतात, त्यामुळे एखादाच तुकडा बिघडला असंही म्हणता येत नाही. नॅनोव्हीएनएवर (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल परत येतो ते दाखवणारं छोटं यंत्र) केबलच्या टोकाशी ओपन-शॉर्ट-लोड कॅलिब्रेशन करून मोजलं, नंतर ओळखीच्या एका प्रयोगशाळेतल्या मोठ्या व्हीएनएवरही तोच आकडा आला. व्हर्नियरने पॅच मोजला, २८.८ म्हणजे २८.८च आहे.

त्याच पॅनेलवर तीन रेझोनेटरचा (केसांच्या पिनेसारख्या वाकवलेल्या, ठरावीक फ्रिक्वेन्सीला घुमणाऱ्या पट्ट्यांचा) हेअरपिन फिल्टर आहे. चेबिशेव्ह प्रकारचा, ०.५ डीबी रिपल (पट्ट्यातला चढउतार), मध्य २.४५, बँडविड्थ १० टक्के. त्याचा मध्यही २.३९च्या आसपास, आणि इन्सर्शन लॉस (फिल्टरमधून जाताना होणारी घट) साडेचार डीबी!

६० मेगाहर्ट्झ ऐकायला थोडे वाटतात. पण या जाडीच्या एफआर-४ वर पॅचची बँडविड्थच मुळात दोन-तीन टक्के. आपला खुला बँड २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. म्हणजे अर्धाअधिक बँड हातचा गेला.

बोर्ड करून देणाऱ्यांना विचारलं तर "एफआर-४ आहे सर, ४.२ ते ४.८ मध्ये असेल" एवढंच उत्तर. 'एफआर-४ वर असंच येतं' असं मुलांना सांगून मोकळं होणं मला पटत नाही. सूत्रावरचा त्यांचा विश्वास उडतो, आणि एकदा उडाला की पुढे सगळं अंदाजपंचे सुरू होतं.

तर विचारायचं असं: हातातल्या लॉटचा खरा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट घरच्या साधनांनी कसा काढायचा? फिल्टरचा लॉस मटेरियलचा की आमच्या जोडणीचा? आणि नोड प्लास्टिकच्या डब्यात बसून मे महिन्याच्या उन्हात उभा राहणार आहे, त्याचा हिशोब आत्ताच धरावा का?

ताम्रपट:

सर, आधी एक गोष्ट निकालात काढू. एचिंग जास्त झालं असतं तर पॅच लहान होऊन फ्रिक्वेन्सी वर गेली असती. तुमची खाली आली आहे. शिवाय ६० मेगाहर्ट्झ सरकायला लांबीत पाऊण मिलिमीटरचा फरक लागतो, तो व्हर्नियरला दिसल्याशिवाय राहिला नसता. पॅच आणि फिल्टर एकाच प्रमाणात खाली आले, म्हणजे दोघांत सामाईक आहे ते मटेरियल. उलट गणित करा, डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४.६३च्या आसपास येतो. त्यात वावगं काही नाही. एफआर-४ ही आग न पकडण्याची प्रतवारी आहे, गिगाहर्ट्झला डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट किती यावा याची हमी त्यात कोणी देत नाही. काचेचा सहाच्या आसपास, इपॉक्सीचा तीन-साडेतीन, आणि दोघांचं प्रमाण प्रत्येक कारखान्यात वेगळं.

मोजायचं असेल तर त्याच लॉटचा, दोन्ही बाजूंचं तांबं शाबूत असलेला तुकडा घ्या, १०० बाय ७० मिमी. चौरस घेऊ नका, दोन्ही दिशांचे मोड (लांबीचा आणि रुंदीचा खड्डा) एकमेकांवर बसतात. एका कोपऱ्याशी एसएमए कनेक्टर लावा, मधली पिन वरच्या तांब्याला आणि बॉडी खालच्या तांब्याला, आणि नॅनोव्हीएनएवर ५०० मेगाहर्ट्झपासून पुढे बघा. डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४.४ असेल तर पहिला खड्डा ७१५ मेगाहर्ट्झच्या जरा खाली दिसेल, दुसरा १.०२ गिगाहर्ट्झच्या जरा खाली. "जरा खाली" अशासाठी की इथेही कडांचं फ्रिंजिंग आहे. ते धरलं नाही तर उत्तर तीनेक टक्क्यांनी फुगतं.

एलसीआर मीटरने तुकड्याची कपॅसिटन्स मोजून आकडा काढायचा मोह होईल. तो आकडा किलोहर्ट्झचा असतो आणि नेहमी जास्त येतो. गिगाहर्ट्झला तो वापरू नका.

फिल्टरचं म्हणाल तर तुमच्या जोडणीचा दोष फारसा दिसत नाही. लॉस टँजंट ०.०२ म्हणजे रेझोनेटरचा क्यू (ऊर्जा टिकवून धरण्याचं माप) ५०च्या फारसा वर जायला जागाच नाही. तुमच्या फिल्टरच्या तीन जी-व्हॅल्यूंची (चेबिशेव्हच्या तक्त्यातल्या आकड्यांची) बेरीज ४.२९. तिला ४.३४३ने गुणा, मग ०.१ (बँडविड्थ) गुणिले ५० (क्यू) ने, म्हणजे ५ने भागा. ३.७ डीबी. उरलेला पाऊण डीबी तांबं, कनेक्टर आणि थोडं मिसमॅच. बँडविड्थ ४ टक्क्यांवर आणली असती तर नऊ डीबीच्या पुढे गेला असतात. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या, आकडा जुळताना बघून त्यांचा विश्वास परत येईल.

आणि हा फिल्टर एलएनएच्या (रिसीव्हरच्या पहिल्या, कमी गोंगाटाच्या अॅम्प्लिफायरच्या) आधी ठेवू नका. आधी ठेवला की साडेचार डीबी सरळ नॉइज फिगरमध्ये (रिसीव्हर स्वतः किती गोंगाट मिसळतो त्या मापात) जमा.

बर्डीकर:

सर, झालेले बोर्ड फेकून नका देऊ. फीडच्या समोरच्या कडेचं तांबं धारदार ब्लेडने पट्टी ठेवून कापा, एका वेळी ०.२ मिमी. दर वेळी पंधरा-सोळा मेगाहर्ट्झ वर जातं. हे काम डब्यात बसवून, झाकण लावूनच करा. झाकण पॅचला चिकटून असेल तर त्याचं प्लास्टिक पुन्हा फ्रिक्वेन्सी खाली ओढतं, म्हणून मध्ये आठ-दहा मिमी हवा राहू द्या. उन्हाने बोर्ड तापला की तो अजून थोडा खालीच येतो, तेव्हा ट्यूनिंग २.४५च्या जरासं वर सोडा. आमच्याकडे पंचेचाळीसच्या उन्हात बंद डबा भट्टीसारखा होतो, पांढरा रंग तरी लावाच.

मोजताना केबल हातात धरल्यावर खड्डा हलतो का तेही बघा. हलत असेल तर केबलच्या बाहेरून करंट वाहून राहिला आहे. कनेक्टरपाशी फेराइट चढवा आणि मग मोजा.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. १०० बाय ७०चा तुकडा त्याच पॅनेलच्या कडेतून निघाला. पहिला खड्डा ६८७ वर, दुसरा ९७५ वर. मुलांनी फ्रिंजिंग धरून दोन्हीवरून ४.६३च्या आसपासच काढला. केबल धरली तर खड्डा किंचित हलत होता, फेराइट लावल्यावर थांबला. पुढच्या खेपेला पॅचची लांबी २८.१ ठेवतोय आणि अँटेनावरचा सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक थर) काढायला सांगतोय.

फिल्टर मात्र एफआर-४ वर ठेवायचा नाही असं ठरलंय. रॉजर्सच्या ४००३सी लॅमिनेटचा लॉस टँजंट ०.००२७ आहे, म्हणजे फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. पूर्ण शीट परवडणारी नाही. नागपुरात किंवा वर्धा-अमरावतीकडे कोणाकडे हाताच्या पंजाएवढा तुकडा शिल्लक असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जाडी ०.८ मिमीच्या आसपास असावी. योग्य ते पैसे देऊ, आणि मोजलेले दोन्ही फिल्टरचे आलेख इथेच टाकू.