मित्र मशरूमची चॉकलेटं ऑनलाइन विकायची म्हणतोय, साइट मी बनवू का?

पाऊलवाट:
जवळचा मित्र आहे. डिप्रेशनमध्ये सायलोसायबिन (भास घडवणारं ड्रग) असलेल्या मशरूमने फरक पडला असं त्याचं म्हणणं, आणि आता त्याची चॉकलेटं करून लोकांना विकायची असं डोक्यात घेतलंय. म्हणतो अमेरिकेत लीगल झालंय, नैसर्गिक आहे, आणि लेबलवर 'खाण्यासाठी नाही' लिहिलं की आपली जबाबदारी संपली. साइट आणि पेमेंट मी बघायचं. माणूस मनाने चांगला आहे हो, पण मला हे बरोबर वाटत नाहीये. नक्की धोका कुठे कुठे आहे?

काळाकोट:
'अमेरिकेत लीगल' हे अर्धवट ऐकलेलं आहे. ओरेगॉनमध्ये २०२० च्या मतदानाने परवानगी मिळाली ती लायसन्सवाल्या सेंटरमध्ये, ट्रेनिंग घेतलेल्या माणसासमोर बसून घ्यायची, घरी न्यायला मिळत नाही. कोलोराडोत २०२२ नंतर सज्ञान माणसाने जवळ ठेवलं, दुसऱ्याला फुकट दिलं तर चालतं, पण असं कुणीही उठून विकलेलं नाही चालत. आणि अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात ते अजून ड्रग्जच्या सगळ्यात कडक यादीतच आहे. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्जवरच्या करारातही तेच, बहुतेक देशांचे कायदे त्याच करारावर उभे आहेत.

लेबलचं तर सोडूनच दे, चॉकलेट बनवायचं आणि वर खाण्यासाठी नाही लिहायचं, कुठलं कोर्ट ऐकून घेईल? अजून एक, काही ठिकाणी शिक्षा ठरवताना मिश्रणाचं पूर्ण वजन धरतात, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये एलएसडी या ड्रगसोबत ते ज्या कागदावर होतं त्याचंही वजन मोजलं. म्हणजे चॉकलेटचं काय होईल बघ. आणि तू साइट केलीस, पैसे तुझ्या खात्यातून फिरले, की 'मी फक्त कोडिंग केलं' याला फारसा अर्थ उरत नाही, कटात सहभाग आणि वर मनी लाँडरिंग.

रात्रपाळी:
मी इमर्जन्सीत नर्स आहे, मला कायद्यापेक्षा घेणाऱ्याची काळजी जास्त वाटते. डॉक्टर सायलोसायबिनच्या ट्रायल (चाचण्या) करतात, त्यात पेशंट घेण्याआधी स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर आहे का हे विचारून अशांना बाजूला काढतात. ऑनलाइन ऑर्डरवर हे कोण विचारणार? लिथियम (बायपोलरवरची गोळी) चालू असलेल्या माणसाने सायलोसायबिन घेतलं तर फिट येऊ शकते, आणि असली चॉकलेटं शोधणारे बरेच जण आधीच मानसिक आजाराच्या गोळ्यांवर असतात!! २०२४ मध्ये अमेरिकेत 'मायक्रोडोस' (अगदी थोडा डोस) म्हणून विकलेल्या चॉकलेटांनी दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, तपासणीत लेबलवर नसलेली केमिकल्स सापडली.

पाऊलवाट:
तो म्हणतो भेसळ नाही होणार, मशरूम मी स्वतः उगवणार.

रात्रपाळी:
तरी डोस हातात राहत नाही. एकाच बॅचमधल्या दोन मशरूममध्येसुद्धा ताकद वेगळी असते, पावडर चॉकलेटमध्ये सारखी मिसळली नाही तर एका तुकड्यात काहीच नाही आणि दुसऱ्यात तिप्पट. वर असर सुरू व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी जास्त, तोवर 'काही झालं नाही' म्हणून माणूस अजून एक तुकडा खातो, मग गाडी चालवायला बसतो किंवा गॅलरीत जातो. आणि घरात लहान मूल असेल तर त्याला ते साधं चॉकलेटच दिसणार ना.

काळाकोट:
आणि कुणी दगावलं तर ड्रग्जच्या केसवर मृत्यूला कारणीभूत झाल्याची केस वेगळी. अजून हो म्हटलं नसशील तर आजच सरळ नाही सांग, डोमेनसुद्धा तुझ्या नावावर घेऊ नकोस. त्याला खरंच यात काही करायचं असेल तर एखाद्या ट्रायलच्या टीमसोबत काम करता येतं का ते बघू दे.