मदत हवी आहे: हँडल फिरवून बंद होणारी खिडकी पूर्ण मिटत नाही

नमस्कार. न्यू जर्सीतील आमच्या घराच्या बाथरूमला, वरच्या कडेला बिजागऱ्या असलेली आणि हँडल फिरवल्यावर खालून बाहेर उघडणारी खिडकी आहे. हल्ली ती बंद करताना डावी बाजू चौकटीला टेकते, पण उजव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर फट राहते आणि त्या बाजूची कडी अडकत नाही. हँडल सैल फिरत नसून शेवटी घट्ट होऊन थांबते, त्यामुळे गिअरचे दाते शाबूत असावेत असे मला वाटते. खाचेतील कचरा काढून सिलिकॉन स्प्रे मारला आहे. रबरी पट्टीही जागेवर आहे. हँडल फिरवल्यावर खिडकी ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या दांड्यांपैकी उजवा मात्र किंचित वाकलेला दिसतो. तो काढून सरळ करावा, की दांड्यांसह अख्खी यंत्रणाच बदलावी? थंडीपूर्वी हे काम होणे फार गरजेचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.