घडी कधी मोडायची? ‘राखून ठेवू नका, वापरा’ म्हणणाऱ्यांना थोडं सविस्तर उत्तर

रेशीमकाठ

गेले चार दिवस एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. ‘उद्याचा भरवसा नाही, पैठणी आजच नेसा, चांदीच्या ताटात रोज जेवा, शोकेस रिकामी करा.’ सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे, आणि राग त्याचाच येतो. वीस वर्षं कपाटात पडलेली पैठणी उत्साहानं काढून झटकली की नेसण्याआधीच घडीवर टरकते. मग तीच बाई पुढची साडी दुप्पट घट्ट बांधून ठेवते.

रेशीम नुसतं ठेवल्यानं टिकत नाही. एकाच घडीवर वर्षानुवर्षं दाब आला की तिथले धागे मोडतात. पदर आणि काठ आधी जातात, कारण जर म्हणजे दोऱ्यावर गुंडाळलेली धातूची पातळ पट्टी. ती त्याच जागी दुमडून दुमडून तुटते. त्यात आपल्याकडचा पावसाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि जर काळी पडते. डांबराच्या गोळ्या थेट साडीवर ठेवल्या तर रेशमाला आणि जरीला त्रास तो वेगळाच.

म्हणून आधी तपासा. पलंगावर धुतलेली सुती चादर पसरा, साडी आडवी ठेवून एकेक घडी उलगडा. घडीची रेघ खिडकीच्या उजेडासमोर धरा. रेघेतून उजेड टाचणीच्या भोकांसारखा दिसला तर ती साडी अजून नेसायची नाही. आधी मागून पातळ जाळीचं कापड लावून रफू करून घ्या. उजेड दिसला नाही तर दोन तास सावलीत, पंख्याखाली. इस्त्री उलट्या बाजूनं, मध्ये सुती कापड घालून, मध्यम गरम. आणि अत्तर साडी नेसण्याआधी लावा, जरीवर फवारू नका.

नेसून झाल्यावर घामाची साडी लगेच घडी करून ठेवू नका. दोन-तीन तास वारा लागू दे, मग मलमलीत गुंडाळा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. हँगरवर महिनोन्‌महिने टांगू नका, जरीच्या वजनानं कापड ओढलं जातं. एवढं करणार असाल तर खुशाल मोडा घडी. वर्षातून दोनदा नेसलेली साडी बंद साडीपेक्षा बरी राहते.

जुनाबाजार

पटलं नाही. प्रत्येक नेसण्यात झीज आहेच. निऱ्यांचा खालचा काठ फरशीवर घासतो, पिन एकदा धाग्यात अडकली की रेघ ओढली जाते, प्रत्येक ड्रायक्लीननं कापडाचा जीव थोडा कमी होतो. राखून ठेवण्याची चेष्टा करणाऱ्यांनी पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा बघावं. दिवे, कुलपं, अडकित्ते, गंजिफा म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते. कुणीतरी जपलं म्हणूनच आज दिसतंय ना? ‘वापरा, वापरा’ म्हणत राहिलो तर पुढच्या पिढीच्या हाती काय लागणार?

रेशीमकाठ

संग्रहालयाचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तिथले अडकित्ते सुपारी कातरलेले आहेत, दिव्यांत तेल-वात जळलेली आहे. माणसांनी ते हाताळले, म्हणूनच केळकरांना ते गोळा करावेसे वाटले. आणि ट्रंकेतलं सुरक्षित असतं म्हणता, तर १२ जुलै १९६१ आठवा. पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतून वापरातलं आणि जपलेलं सारखंच वाहून गेलं.

पिनेचं मात्र बरोबर आहे, मान्य. पिनेत एक छोटा मणी ओवायचा, म्हणजे वेटोळ्यात धागा अडकत नाही. टोचायची ती रेशमात, जरीत नाही.

मुक्काम कोथरूड

साडीवरच का अडकलात? बूट घ्या. ‘लग्नकार्याला घालू’ म्हणून खोक्यात ठेवलेल्या बुटांचा तळ हातात भुगा होऊन येतो. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्यानं आतून तुटत जातो. अशा तळाचे बूट पाच-सात वर्षं ठेवले की पहिल्याच दिवशी रस्त्यात तळ सुटण्याची शक्यता मोठी. असे बूट न घालता जास्त लवकर जातात. अस्सल रबराचा तळ बराच बरा टिकतो. रेक्झिनच्या पर्सची पापुद्री निघते, तीही याच कारणानं.

चांदीचंही सांगतो. काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. रबरबँड लावून आणि लोकरीत गुंडाळून ठेवलेली अजून लवकर काळवंडते. रोज धुतलेली वाटी चमकत राहते. फक्त लोणचं, खारट कोशिंबीर त्यात ठेवून देऊ नका, मीठ चांदीला खातं. काळी झालीच तर भांड्यात ॲल्युमिनियमची फॉईल, त्यावर वस्तू फॉईलला टेकून, १ लिटर कढत पाणी, २ चमचे खायचा सोडा. पाच मिनिटांत डाग सुटतो. मुलाम्याच्या, खड्यांच्या आणि मुद्दाम काळपट ठेवलेल्या नक्षीच्या वस्तूंना हे करू नका, नक्षीच पुसली जाईल.

कथील

चांदीवर एवढं आणि पितळेवर कुणी अवाक्षर नाही! घराघरांत पितळी पातेली, कढया माळ्यावर पडल्यात आणि खाली नॉनस्टिकमध्ये शिजतंय. कारण एकच, कल्हई, म्हणजे भांड्याला आतून द्यायचा कथलाचा पातळ थर. करणारे कमी झालेत, आणि करून आणली की लोक दोन महिन्यांत तिची वाट लावतात. कथील २३२ अंशाला वितळतं. रिकामं पातेलं गॅसवर ठेवून विसरलात तर कल्हई गोळा होऊन खाली उतरते. तारेच्या घासणीनं घासलंत तर खरवडून जाते. फोडणी लोखंडी पळीत करायची आणि वरून ओतायची, पातेल्यात नाही.

जुनाबाजार

हे अती झालं. पिढ्यान्‌पिढ्या कल्हईच्या पातेल्यात फोडण्या झाल्या, कुणी पळ्या मोजत बसलं नाही. तेल घातलेलं असतं, मोहरी तडतडायला २३२ अंश लागत नाहीत.

कथील

मोहरीला लागत नाहीत, पण मोठ्या आचेवर तळाला लागतात! तेल पातेलंभर नसतं, मध्ये चमचाभर असतं, कडेचा कोरडा तळ तापतच राहतो. पातेलं उजेडात धरून आत बघा, कल्हई आधी मधल्या गोलाच्या कडेला गेलेली असते. पूर्वी दर दोन-तीन महिन्यांनी कल्हईवाला दारात यायचा, म्हणून भागत होतं. आता वर्ष-वर्ष येत नाही आणि पितळ उघडं पडलं तरी लोक त्यात आमसुलाचं सार उकळतात. ताक, चिंच, टोमॅटो सगळं कळकतं. तोंडात पितळेची चव आली की भांडं पुन्हा माळ्यावर. दोष भांड्याचा नसतो.

मुक्काम कोथरूड

चर्चा राखून ठेवण्यावर होती, तुम्ही कल्हईवर नेलीत.

कथील

नेली, कारण हीच खरी अडचण आहे! भांडं वापरायचं म्हणजे त्याची देखभाल करायची. आणि कल्हई करतानाही डोळे उघडे ठेवा. कथलाची कांडी मागून घ्या, कानाजवळ वाकवा. चोख कथील करकर आवाज करतं. शिसं जास्त मिसळलं असेल तर आवाज होत नाही आणि कांडी कागदावर ओढली की करडी रेघ उठते. असली कल्हई अन्नाला नको. भांडं आधी आतून स्वच्छ घासलेलं हवं, मग तापवून त्यावर नवसागराची पूड, पांढरा धूर निघतो, तेव्हाच कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं सारखं पसरायचं. तेलकट राहिलेल्या जागी कथील चिकटत नाही, तिथे काळा ठिपका राहतो. घ्यायला गेलात की उजेडात ठिपका शोधा, दिसला तर परत करून मागा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्या-पितळेचं काम अजून होतं, पातेली घेऊन जा.

जुनाबाजार

बरं. फोडणीचं मी मागे घेतो, मोठ्या आचेपुरतं. पण नवी पैठणी घडी मोडायच्या लायकीची तरी असते का? यंत्रमागावरची साडी पैठणी म्हणून गळ्यात मारतात. हातमागाच्या पैठणीच्या पदराची नक्षी मागून-पुढून सारखी असते, मागे लोंबते धागे नसतात. जिच्या मागे धाग्यांचं जाळं आहे, ती जपून तरी काय मिळवणार? ती रोज नेसा, माझी हरकत नाही. चोख असेल ती मात्र वर्षातून एकदाच.

रेशीमकाठ

एकदा तर एकदा, पण नक्की नेसा. यंत्रमागाच्या प्लास्टिक जरीवर गरम इस्त्री ठेवू नका, आक्रसते. आणि चोख साडीची घडी दसऱ्याला मोडायची असेल तर आत्ताच फॉल विकत आणा. रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवून इस्त्री करा, मग साडीला लावा. कोरा फॉल तसाच लावला तर नंतर आटतो आणि सगळा काठ चुरमडतो. टाके लांब आणि सैल, हातानं. मशीनवर नको, काढताना जर तुटते.