६० कोटी रेकॉर्डचं टेबल, आयडी इंटिजरवरून बिगइंटवर: बॅकफिलचं वेळापत्रक कसं लावायचं?

अर्धविराम (प्रश्न)

पोस्टग्रेस १५ डेटाबेस, एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर), दोन रीड रेप्लिका (फक्त वाचनासाठीच्या प्रती). व्यवहारांच्या टेबलमध्ये साधारण ६० कोटी रेकॉर्ड आहेत आणि प्रायमरी की साधी इंटिजर आहे. सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा काउंटर) १६५ कोटींवर पोचलाय, रोज ३० लाखांच्या आसपास वाढतो. मर्यादा २,१४,७४,८३,६४७ ची, म्हणजे हातात साडेपाच महिनेही पुरते नाहीत. जुने रेकॉर्ड अर्काइव्हमध्ये हलवले जातात, त्यामुळे आयडींमध्ये मोठमोठ्या फटी आहेत.

कॉलमचा टाइप थेट बदलला तर पूर्ण टेबल नव्याने लिहिलं जाणार आणि तोवर वाचनसुद्धा बंद, म्हणून तो मार्ग नको. नवा बिगइंट (मोठ्या आकड्यांचा) कॉलम, नव्या रेकॉर्डसाठी ट्रिगर (बदलासोबत आपोआप चालणारा कोड), जुन्यांचं बॅकफिल (नवा कॉलम मागाहून भरणं) साइडकिकच्या (पडद्यामागे कामं चालवणारं साधन) जॉबमधून आणि शेवटी कॉलमची अदलाबदल, असा बेत आहे. आयडीच्या रेंजप्रमाणे दहा-दहा हजारांचे जॉब पाडायचे, सगळे एकदम रांगेत टाकायचे, दर २ मिनिटांनी एक सुटेल असं अंतर ठेवायचं आणि फक्त रात्री ११ ते सकाळी ७ चालवायचं.

टेबलवर ६ इंडेक्स आहेत, एक ऑडिट ट्रिगर आहे, आणि लॉजिकल स्लॉटवरून (कुठवरचे बदल उचलले याची प्रायमरीवरची नोंद) डेबेझियम (बदल दुसऱ्या यंत्रणांना पोचवणारं साधन) बदल उचलतं. बॅच केवढी धरावी?

पानगळ

बॅचच्या आधी एक भागाकार करा. १६५ कोटी भागिले १० हजार म्हणजे १ लाख ६५ हजार जॉब. रात्रीच्या ८ तासांत २ मिनिटांना एक या हिशेबाने २४० सुटतील. जवळपास ६९० रात्री. तुमच्याकडे आहेत १६५.

यातले बरेच जॉब फटींवर पडून रिकामे जातील. म्हणून रेंज आयडीवर पाडू नका, रेकॉर्डच्या संख्येवर पाडा: मागच्या बॅचचा शेवटचा आयडी घ्या, त्याच्यापुढचे ५० हजार आयडी चढत्या क्रमाने मोजून शेवटचा काढा, ती झाली पुढची बॅच. हे प्रायमरी कीच्या इंडेक्सवरून पटकन निघतं. ऑफसेट (सुरुवातीचे इतके रेकॉर्ड सोडून पुढचे द्या) मात्र वापरू नका. तो दर वेळी पहिल्यापासून मोजत येतो, त्यामुळे काम जसं पुढे सरकेल तसा प्रत्येक क्वेरी जास्त वेळ खाईल.

५० हजारांची बॅच म्हणजे एक ट्रान्झॅक्शन नव्हे. आत १,००० ची उपबॅच करा, प्रत्येकीचं स्वतंत्र कमिट, मध्ये १०० मिलिसेकंदांची विश्रांती. उपबॅच १ सेकंदाच्या आत संपली पाहिजे. नाही संपली तर आकार निम्मा करा, कारण तेवढा वेळ त्या रेकॉर्डवरची ग्राहकांची अपडेट्स अडकून राहतात. या आकड्यांनी १२,००० बॅच होतात. २ मिनिटांना एक, चोवीस तास: सुमारे १७ दिवस.

सगळे जॉब आधीच रेडिसमध्ये (साइडकिकची रांग जिथे असते) ओतून ठेवणं ही मात्र सरळ चूक आहे. मध्येच थांबवायचं असेल, आकार बदलायचा असेल किंवा कुठवर आलो ते बघायचं असेल, तर हजारो जॉब उपसत बसावं लागतं. त्याऐवजी डेटाबेसमध्येच दोन छोटी टेबलं ठेवा. पहिल्यात मायग्रेशनची (या सगळ्या बदलाची) स्थिती: चालू, थांबवलेलं, पूर्ण, अपयशी, शिवाय बॅचचा आकार आणि अंतर. दुसऱ्यात प्रत्येक बॅच: सुरुवातीचा आणि शेवटचा आयडी, कितवा प्रयत्न, सुरू-संपल्याची वेळ, एररचा मजकूर. दर मिनिटाला एक क्रॉन जॉब उठतो, पुढची बॅच घ्यायची का ते ठरवतो, घेतली तर स्वतःच्या नावावर नोंदवतो. गिटलॅबची बॅच मायग्रेशन साधारण याच धर्तीवर चालतात, आणि त्यांचा कोड उघडा आहे, तो वाचाच. त्यात तीन प्रयत्नांनंतरही न जमलेली बॅच दोन भागांत तोडली जाते. हे तुमच्याकडेही ठेवा, बहुतेक टाइमआउट त्यानेच सुटतात.

डिप्लॉयच्या वेळी (नवा कोड चढवताना) साइडकिक चालू जॉबला मुळात २५ सेकंद देतो आणि मग मारतो. म्हणून अपडेटची अट "नवा कॉलम अजून शून्य आहे" अशीच हवी. अर्धवट मेलेली बॅच पुन्हा चालली तरी झालेल्या रेकॉर्डना हात लागत नाही. १० मिनिटं हालचाल नसलेली बॅच बेवारस समजून पुन्हा उचलायची. पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारं साधन) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर सेशनच्या अ‍ॅडव्हायझरी लॉकवर विसंबू नका, लॉक घेणारं आणि सोडणारं कनेक्शन वेगळं निघतं.

गाळउपसा

वरचं पटलं, पण "२ मिनिटांना एक" हे घड्याळ झालं. ब्रेक कुठे आहे? बॅच आपली ४० सेकंदांत संपते, तिच्या मागून जे साचतं ते कोणी बघत नाही.

पहिलं, मेलेले रेकॉर्ड. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक अपडेट म्हणजे नवी प्रत, आणि जुनी मेलेली. पान गच्च भरलेलं असेल, आणि फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं) मुळात १०० असल्यामुळे ते असतंच, तर नवी प्रत दुसऱ्या पानावर जाते आणि सहाही इंडेक्समध्ये नवी नोंद पडते, त्या कॉलमांना हात लावलेला नसला तरी. ऑटोव्हॅक्यूमचा (मेलेले रेकॉर्ड साफ करणारी प्रक्रिया) स्केल फॅक्टर (टेबलचा केवढा भाग मेल्यावर जागं व्हायचं) मुळात ०.२ आहे, म्हणजे १२ कोटी मेलेले रेकॉर्ड साचेपर्यंत तो जागाच होणार नाही. या एका टेबलपुरता ०.०१ करा. ६० लाखांना, म्हणजे साधारण १२० बॅचनंतर, दर ४ तासांनी एक फेरी. याहून खाली जाऊ नका, कारण बहुतेक फेऱ्यांत सहाही इंडेक्स पूर्ण वाचावे लागतात. एक फेरी ४ तासांत संपत नसेल तर कॉस्ट लिमिट (व्हॅक्यूमच्या वेगावरची मर्यादा) वाढवा, नाहीतर बॅचचं अंतर वाढवा.

याच कारणासाठी नव्या कॉलमवरचा युनिक इंडेक्स बॅकफिल संपल्यावरच बांधा. आधी बांधलात तर सहाचे सात होतात आणि त्याच पानावर जागा मिळूनही हॉट अपडेट (इंडेक्समध्ये नवी नोंद न करता होणारं) अशक्य होतं.

दुसरं, ऑडिट ट्रिगर. तो सरसकट प्रत्येक अपडेटवर चालत असेल तर ऑडिट टेबलमध्ये ६० कोटी निरर्थक नोंदी जमा होतील. ट्रिगरच्या व्याख्येत कॉलमांची यादी द्या, म्हणजे त्यातला कॉलम अपडेटमध्ये असेल तरच तो चालेल. रेप्लिकेशन रोल बदलून सगळेच ट्रिगर बंद करण्याचा सल्ला कुठेतरी वाचाल. नका करू, फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलच्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारा कॉलम) तपासणीही त्याच ट्रिगरांवर उभी असते. "शेवटचा बदल" ही वेळ आपोआप भरणारा ट्रिगर आहे का तेही पाहा. असला तर रिपोर्टिंगवाल्यांची रोजची उचल अचानक लाखोंनी फुगेल.

तिसरं, स्लॉट. डेबेझियम मागे पडलं की प्रायमरी वॉल (बदलांची नोंदवही) धरून ठेवते, आणि स्लॉटसाठी किती वॉल ठेवायचा यावर मुळात मर्यादाच नसते. डिस्क भरली की बॅकफिल राहू द्या, सगळा धंदाच थांबतो.

म्हणून प्रत्येक बॅचआधी चार गोष्टी तपासायच्या: रेप्लिकाचा रिप्ले लॅग (ती किती मागे आहे) १० सेकंदांच्या आत, स्लॉटमागे साचलेला वॉल ५ जीबीच्या आत, १५ मिनिटांहून जुनं ट्रान्झॅक्शन कुठेच नाही, आणि या टेबलवर रॅपअराउंड (ट्रान्झॅक्शनचे क्रमांक संपून पुन्हा सुरुवातीपासून येणं) टाळण्यासाठीचा व्हॅक्यूम चालू नाही. एकही अट मोडली तर १० मिनिटं थांबा. हे आकडे सुरुवातीचे आहेत, पहिल्या दिवशी आलेख बघून हलवा.

अर्धविराम

भागाकार बघून घाम फुटला. आकडे आणि टेबलांची रचना घेतो. पण दिवसा चालवायला वरून परवानगी मिळेल असं वाटत नाही. फक्त रात्री चालवलं तर ५० रात्री होतात, मुदतीत बसतं. चालेल ना?

गाळउपसा

चालेल, पण रात्र मोकळी आहे असं समजू नका. रात्री पीजी-डंप (बॅकअप घेणारं साधन) चालतो का? तो तासन्‌तास एकच स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणाचं चित्र) धरून बसतो, आणि तेवढा वेळ व्हॅक्यूम धावला तरी त्या काळात मेलेलं काहीही काढू शकत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त कचरा तुम्ही नेमका झाडू बंद असताना करणार. लांबलचक रिपोर्टचीही तीच गत, आणि हॉट स्टँडबाय फीडबॅक (रेप्लिकावरच्या चालू क्वेरी प्रायमरीला कळवणारी सेटिंग) चालू असेल तर रेप्लिकावरचा रिपोर्टही धरा. दिवसभर संथ चालणारं, ब्रेक असलेलं काम रात्रीच्या घाईपेक्षा बरं. वरच्यांना पहिले दोन दिवस १० हजारांच्या बॅचने दिवसा चालवून रिस्पॉन्स टाइमचे आलेख दाखवा.

तिसरा_कोपरा

शेवटाबद्दल कोणी बोललं नाही, आणि घोळ तिथेच होतात.

सुरुवातीला नवा कॉलम नॉट नल (रिकामा चालणार नाही), डीफॉल्ट शून्य असा जोडा. आवृत्ती ११ पासून यासाठी टेबल पुन्हा लिहावं लागत नाही. पुढे तो प्रायमरी की करताना नलची तपासणीही टळते. प्रत्येक ऑल्टरआधी (टेबलची रचना बदलणारी आज्ञा) लॉक टाइमआउट २ सेकंद ठेवा आणि नाही जमलं तर पुन्हा प्रयत्न करा. ऑल्टर लॉकसाठी ताटकळत राहिला की त्याच्या मागे साधे सिलेक्टही रांगेत उभे राहतात.

बॅकफिल संपलं हे बॅचच्या टेबलवरून मानू नका. "नवा कॉलम = जुना कॉलम" असा चेक कन्स्ट्रेंट (प्रत्येक रेकॉर्डने पाळायची अट) नॉट व्हॅलिड म्हणून, म्हणजे जुने रेकॉर्ड न तपासता, जोडा आणि मग व्हॅलिडेट करा. पूर्ण टेबल वाचलं जातं, पण लिहिणं-वाचणं चालू राहतं, आणि एक रेकॉर्ड जरी सुटला असेल तरी ते तिथेच अडतं. त्यानंतर युनिक इंडेक्स कॉन्करंटली (लिहिणं न थांबवता) बांधा. तो मध्येच फसला तर अवैध इंडेक्स मागे उरतो, तो पाडून पुन्हा बांधायचा. या टेबलकडे बोट दाखवणारे इतर टेबलांतले कॉलमही इंटिजरच असतील; त्यांचं बॅकफिल याच यंत्रणेतून, आणि तेही याच १६५ दिवसांत.

अदलाबदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये: जुन्या फॉरेन की, जुनी प्रायमरी की आणि तो चेक काढा, दोन्ही कॉलमांची नावं आपसांत बदला, तयार इंडेक्सवरून प्रायमरी की लावा, डीफॉल्ट हलवा. नावंच बदलल्यामुळे ट्रिगरची व्याख्या तशीच राहते आणि आता उलट दिशेने, नव्याकडून जुन्या कॉलमात भरते, म्हणजे माघारीचा रस्ता खुला राहतो. पण जुना कॉलम इंटिजरच आहे. सीक्वेन्सने मर्यादा ओलांडायच्या आत ट्रिगर काढा आणि जुन्या कॉलमचं नॉट नल काढा, नाहीतर प्रत्येक इन्सर्ट मर्यादेच्या एररने पडेल. अदलाबदल होताच अ‍ॅपचे सर्व्हर पाळीपाळीने रीस्टार्ट करा. जुन्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटना (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी) टाइप बदललेला चालत नाही.

आणि सीक्वेन्स. आवृत्ती १० पासून सीरियल कॉलमचा सीक्वेन्स स्वतःही इंटिजर असतो. कॉलम बिगइंट केला तरी सीक्वेन्स २१४ कोटींच्या त्याच आकड्यावर थांबतो. त्याचा टाइप वेगळा बदला, आणि मालकी नव्या कॉलमकडे द्या. ती जुन्याकडेच राहिली तर महिन्याभराने कोणीतरी सफाई म्हणून जुना कॉलम पाडायला जाईल, तेव्हा डीफॉल्ट अजून त्या सीक्वेन्सवर आहे असं सांगून पोस्टग्रेस अडेल. मग कॅस्केड (अवलंबून असलेलंही पाडा अशी सूचना) लावून रेटलं की कॉलमबरोबर सीक्वेन्सही जातो.