आग विझवणाऱ्या हॅलॉन वायूचे लष्करी साठे नष्ट करा म्हणणाऱ्यांना

रणगाडा_७२: काल इथे एकाने लिहिलं, "हॅलॉनचं उत्पादन केव्हाच बंद झालं, मग सैन्यं साठे कशाला उराशी धरून बसलीत? नष्ट करा." डोकंच फिरलं. अहो, ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराने उत्पादन थांबवलं, विकसित देशांत १९९४ पासून आणि बाकीच्यांत २०१० पासून. आहे तो साठा वापरायला मनाई नाही. रणगाड्यात इंधनाचा भडका उडाला की तो काही मिलिसेकंदांत विझवावा लागतो, आणि आत माणसं बसलेली असतात. हॅलॉन १३०१ हवेत ५-६ टक्के असला तरी आग विझते आणि माणूस श्वास घेत राहतो. तिथे कार्बन डायऑक्साइड सोडाल, तर आगीबरोबर माणसंही जातील.

निळं_आभाळ: जीव आम्हालाही प्यारा आहे. पण १३०१ ओझोनला सीएफसी-११ या जुन्या शीतक वायूच्या १० पट घातक, हे का लिहिलं नाहीत? 'अत्यावश्यक' हा शिक्का एकदा बसला की निघत नाही. एचएफसी-२२७ईए हा पर्यायी वायू कधीचा बाजारात आहे.

जुना_फिटर: तो जास्त लागतो, बाटल्या मोठ्या आणि जड होतात. विमानात तेवढी जागा कुठून आणणार? पण तुम्ही दोघंही भलतीकडेच भांडताय. साठ्यात खरंच काय आहे, ते कोण तपासतं? मी विमानांच्या देखभालीत होतो. बाहेरून भरून आलेली एक बाटली, वजन बरोबर, गेजची सुई हिरव्यात. नमुना पाठवला तर आत भलताच वायू मिसळलेला. सुई हलणार कशी, वरून नायट्रोजनचा दाब असतो ना! २००९ मध्ये युरोपात भेसळीचा हॅलॉन १२११ थेट विमानांतल्या हातातल्या बाटल्यांपर्यंत पोचल्याचं उघड झालं होतंच.

रणगाडा_७२: म्हणजे भांडार सांभाळणारे चोर? तोंड सांभाळून लिहा.

जुना_फिटर: चोर कुणाला म्हटलं? प्रत्येक बाटलीचा नमुना क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायूतले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, लावा म्हणतोय. १३०१ ची शुद्धता ९९.६ टक्के लागते, रजिस्टरमधली सही त्याची हमी देत नाही. ऐन वेळी बाटली फुसकी निघाली तर जाब कुणाला विचारणार?

इंजिनरूम: आमच्या जहाजावर दुरुस्तीच्या वेळी कुणाचा तरी हात लागला आणि हॅलॉनच्या बाटल्यांची अख्खी बॅटरी सुटली. आग नव्हतीच. सगळा हॅलॉन व्हेंटिलेशनमधून आकाशात. अहवालात एक ओळ, विषय संपला.

निळं_आभाळ: हेच तर! यावर कुणी बोलत नाही.

रणगाडा_७२: बरं, फुकट सुटण्याचा मुद्दा मान्य. नष्ट करण्याचा नाही. अमेरिकेचं संरक्षण खातं मोडीत निघालेल्या यंत्रणांमधला हॅलॉन व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या राखीव भांडारात परत घेतं, साफ करून पुन्हा वापरतं. तसं करा.

निळं_आभाळ: चालेल, पण गळतीचा हिशेब दरवर्षी जाहीर झाला पाहिजे. आणि नव्या डिझाइनमध्ये हॅलॉन नको, यावर मी हटणार नाही.

जुना_फिटर: नमुने कोण तपासणार, ते अजून कुणीच सांगितलेलं नाही.