‘रीशेपमध्ये शिकण्यासारखं काय आहे?’ – या प्रश्नाला माझं उत्तर

उभा_आडवा: काल इथे कुणीतरी लिहून गेलं, “रीशेप म्हणजे लांबलचक पट्टीच्या घड्या घालणं. पाच मिनिटांचं काम, त्यावर लेक्चर कसलं?” त्या पाच मिनिटांनी माझे तीन दिवस खाल्लेत, म्हणून हा धागा. (नवख्यांसाठी: रीशेप म्हणजे आकड्यांची सलग यादी रांगा-कॉलमांच्या तक्त्यात बसवायची कोडमधली आज्ञा.) १० वर्षांचे दरमहाचे आकडे, १२० चा व्हेक्टर, म्हणजे सलग यादी. जुन्या मॅटलॅब (आकडेमोडीची भाषा) कोडमध्ये रीशेप १२ × १०, म्हणजे १२ रांगा, १० कॉलम; ते उभं भरतं, म्हणून एका कॉलममध्ये एक वर्ष. मी तेच नमपायमध्ये, म्हणजे पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत, जसंच्या तसं उतरवलं. नमपाय भरतं आडवं! पहिल्या रांगेत पहिले १० महिने, नोव्हेंबर-डिसेंबर दुसऱ्या रांगेत, आणि त्यांच्या शेजारी पुढच्या वर्षाचा जानेवारी. एरर नाही, वॉर्निंग नाही. एकूण सरासरी तर तीच येते, आकडे तेच ना! ती जुळली म्हणून मी निर्धास्त.

शून्याधीश: कालचा तो ‘कुणीतरी’ मीच. चूक तुमची आणि खापर रीशेपवर? उभं भरायला ऑर्डर ‘एफ’ द्यायची, नाहीतर १० × १२ करून ट्रान्सपोज, म्हणजे रांगांचे कॉलम. डॉक्युमेंटेशन वाचलं की कळतं.

जुना_फोरट्रानी: त्या ‘एफ’चा अर्थच फोरट्रान, आमची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा, बाळ. फोरट्रान, मॅटलॅब, आर, ज्युलिया, सगळे उभेच भरतात. आडवेपणा सी भाषेवाल्यांचा. शून्यापासून मोजायची खोडही त्यांचीच.

शून्याधीश: काका, प्रत्येक धाग्यात शून्य आणलंच पाहिजे का?

अर्धविराम: उभं-आडवं सोडा, खरी घातक ती -१. ‘रीशेप -१, १२’ लिहिलं की कॉलम १२, आणि रांगा किती ते नमपायच ठरवणार. माझ्या फाइलमधून मधलेच १२ आकडे गळाले होते, वेगवेगळ्या वर्षांतले. १०८ ला १२ ने भाग जातो, त्यामुळे ९ रांगा गुपचूप तयार. अर्ध्याअधिक रांगांत मार्चच्या जागी एप्रिल नाहीतर मे! १० × १२ लिहिलं असतं तर तिथल्या तिथे एरर आली असती.

शून्याधीश: आणि पुढच्या वर्षी १३२ आकडे आले की तुमचा १० फुटणार. दरवर्षी कोड बदलत बसायचं?

अर्धविराम: फुटू दे की! फुटलेला कोड दिसतो तरी.

शून्याधीश: हे शहाणपण पगार देणाऱ्याला सांगून बघा.

अर्धविराम: तुम्ही कधी चुकीचा तक्ता साहेबांपुढे ठेवलाय का? मी ठेवलाय. तेव्हा बोला.

शून्याधीश: ...बरं. -१ च्या आधी लांबी तपासायची ओळ असावी, मान्य. म्हणजे चूक रीशेपची नाहीच, न तपासणाऱ्याची.

उभा_आडवा: मान्य केलंत, तेही मलाच टोमणा मारून! असो. माझा आताचा उपाय: खऱ्या आकड्यांआधी व्हेक्टरमध्ये ० ते ११९ भरायचे, रीशेप करायचं आणि मॅट्रिक्स छापून डोळ्यांनी बघायचं.

जुना_फोरट्रानी: १ ते १२०.