मदत हवी आहे: नेवाडातला मायनिंग क्लेम चालू आहे की बंद, हे कसं ओळखायचं?

अमेरिकेतल्या नेवाडात बीएलएमच्या (सरकारी जमीन सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) जमिनीवर लोड क्लेम, म्हणजे खडकातल्या खनिजाच्या शिरेवर खाणकामाचा हक्क, घ्यायचा आहे. एमएलआरएस या बीएलएमच्या ऑनलाइन नोंदप्रणालीच्या नकाशात त्या क्वार्टर सेक्शनमध्ये (चौरस मैलाच्या पाव भागात) एक क्लेम 'क्लोज्ड', एक 'फाइल्ड' आणि एक 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतोय. अ‍ॅक्टिव्हवर यंदाची फी भरल्याची नोंद नाही. मग जागा मोकळी समजायची का?

प्रतिसाद १
एवढ्यावरून नका समजू. वार्षिक फी 1 सप्टेंबरपर्यंत भरावी लागते, पण त्या तारखेपर्यंत टपालाचा शिक्का असलेलं पाकीट पुढच्या 15 दिवसांत पोहोचलं तरी चालतं. त्यानंतर नोंद चढायलाही वेळ लागतो. शिवाय 10 किंवा त्याहून कमी क्लेम असलेला माणूस फीऐवजी माफीचा अर्ज देऊ शकतो. त्याला केलेल्या कामाचं प्रतिज्ञापत्र 30 डिसेंबरपर्यंत द्यावं लागतं. म्हणून एमएलआरएसमध्ये त्या क्लेमच्या सगळ्या नोंदी दाखवणारं सीरियल रजिस्टर पेज उघडा आणि फीबरोबर माफीची नोंदही शोधा.

उलट बाजूही आहे. फी खरोखरच चुकली असेल तर क्लेम कायद्यानेच संपतो, पडद्यावर मात्र तो काही महिने अ‍ॅक्टिव्ह दिसू शकतो. 'फाइल्ड' म्हणजे कागद आले, छाननी बाकी. त्याला जिवंतच धरा.

नकाशावर तर अजिबात विसंबू नका. तिथे क्लेमची हद्द नसते, अख्खा क्वार्टर सेक्शन रंगवलेला असतो, म्हणजे साधारण 160 एकर. लोड क्लेम जास्तीत जास्त 1500 बाय 600 फूट, जेमतेम 20.66 एकर. चार क्वार्टर सेक्शनच्या कोपऱ्यावर बसलेला एकच क्लेम चारही चौकोन रंगवतो.

प्रतिसाद २
खरी हद्द लोकेशन नोटिशीत (क्लेम घेताना दिलेल्या सूचनेत) आणि तिच्या नकाशात मिळेल. त्यासाठी काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे काउंटीच्या दस्त-नोंदणी कार्यालयात, जा. नवा क्लेम बीएलएमकडे नोंदवायला 90 दिवस असतात, त्यामुळे महिन्यापूर्वी घेतलेला क्लेम एमएलआरएसमध्ये नसूही शकतो. जागेवर खुंट आणि नोटीस आहे का, तेही पाहा.

'क्लोज्ड'चं कारण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्लेम घेतला तेव्हाच जमीन नव्या क्लेमसाठी बंद होती म्हणून तो मुळापासून रद्द झाला असेल, तर तुमचाही होईल. मास्टर टायटल प्लॅटवर (जमिनीची मालकी आणि निर्बंध दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर) जमीन राखून ठेवलेली आहे का आणि खनिज हक्क सरकारकडेच आहेत का, हे तपासा. जुन्या कागदांवर एनएमसीने सुरू होणारा क्रमांक असेल. एमएलआरएसमध्ये क्रमांक बदललेत, तेव्हा 'लेगसी' म्हणजे जुन्या क्रमांकानेही शोधा.